हुआन सांचेथ कोतान : एक चित्रकार, एक यादी व एक प्रवाद

(१)

स्पेन देशांतील हुआन सांचेथ कोतान (इ. स. १५६०–१६२७) ह्या चित्रकाराचें नांव आपल्याकडे फारसें कोणाच्या ऐकण्यांत नाहीं, परंतु युरोपीय चित्रांच्या प्रतिकृति ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांच्या दृष्टीखालून त्याचें एक चित्र बहुधा गेलेलें असतें. दगडी चौकटीची एक खिडकी. तींतून पलीकडे कांहींच दिसत नाहीं, केवळ काजळासारखा काळोख. डावीकडे वर दोरीनें टांगलेलें बिहीचें फळ. त्याच्या शेजारीं जरा खालीं दुसऱ्या दोरीस टांगलेला कोबीचा गड्डा. चौकटीच्या कठड्यावर कापलेलें खरबूज व त्याची एक फोड. आणि उजवीकडे कठड्याच्या कडेबाहेर थोडीशी आलेली एक काकडी. एवढाच त्या चित्राचा विषय. (बिही म्हणजे ज्याच्या बिया बिहीदाणा ह्या नांवानें आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात तें फळ.) हें चित्र सांप्रत अमेरिकेंत सान दिएगो येथील संग्रहालयांत आहे.

ह्या चित्राखालीं दोन विधानें सर्वत्र छापलेलीं आढळतात. पहिलें असें कीं, हा चित्रकार पुढें सर्वसंगपरित्याग करून कार्थूशियन पंथाच्या मठांत गेला. दुसरें असें कीं, चित्रांतील हा काळोख, हें मौन व हा मिताहार म्हणजे त्या मठांतील जीवनाचेंच प्रतिबिंब होय. पहिलें विधान खरें आहे. दुसरें पहिल्यांतून निघतें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय हातीं घेण्याचें कारण सांगणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत आम्हीं स्वतः हें दुसरें विधान मोठ्या खात्रीनें केलें होतें, आणि श्रोत्यांस तें आवडलेंही होतें. पुढें ह्या चित्रकाराच्या इ. स. १६०३ मधील एका यादीची हकीकत वाचनांत आली, तेव्हां तें विधान जसेंच्या तसें ठेवणें आम्हांस अशक्य झालें. जी चूक ज्या तोंडानें सांगितली, ती त्याच तोंडानें दुरुस्त करणें प्राप्त आहे. मूळ चित्रें पाहण्याचा योग आम्हांस आला नाहीं; जें लिहीत आहों तें प्रतिकृति व मुद्रित साधनें यांच्या आधारें लिहीत आहों, हेंही आरंभींच सांगून ठेवितों.

(२)

कोतान याचा जन्म तोलेदो शहराच्या दक्षिणेस असलेल्या ओर्गाथ नांवाच्या गांवीं झाला. त्याचा बाप्तिस्मा २५ जून १५६० (शके १४८२) रोजीं झाल्याची नोंद आहे. त्याच्या आयुष्याचीं कर्तेपणाचीं सुमारें वीस वर्षें तोलेदो येथें गेलीं. इ. स. १५६१ मध्यें राजा दुसरा फिलिप यानें दरबार माद्रिद येथें हलविला, तरी स्पेनमधील मुख्य धर्मपीठ तोलेदो येथेंच राहिलें. त्यामुळें देवळें, मठ, धर्माधिकारी व त्यांच्या भोंवतालची विद्वान् मंडळी हा चित्रकारांचा आश्रय तेथें कायम होता. सुप्रसिद्ध चित्रकार एल् ग्रेको हा १५७७ सालीं ह्याच शहरीं आला व १६१४ सालीं तेथेंच वारला. म्हणजे आमचा चित्रकार व एल् ग्रेको हे एका गांवचे समव्यवसायी होते. ह्या गोष्टीचें प्रत्यंतर पुढें यादींतच मिळणार आहे.

जुन्या लेखकांनीं कोतान यास ब्लास दे प्रादो नामक तोलेदोच्या चित्रकाराचा शिष्य म्हटलें आहे. हा ब्लास दे प्रादो १५९३ सालीं मोरोक्कोच्या सुलतानाकडे जाण्यास निघाला असतां सेविल्या येथें थांबला, व त्याच्यापाशीं फळांचीं कांहीं उत्तम चित्रें होतीं, असें पाचेको ह्या चित्रकार-ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. पाचेकोचा चित्रकलेवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४९ सालीं मुद्रित झाला. ब्लास दे प्रादोच्या हातचें म्हणून निश्चित सांगतां येईल असें फळांचें एकही चित्र आज उरलेलें नाहीं. तथापि फळें व भाज्या रंगविण्याचा प्रघात कोतानच्या पूर्वींच तोलेदोच्या कारागिरांत पडलेला होता, एवढें ह्यावरून दिसतें.

कोतान हा केवळ फळें-भाज्यांचाच चित्रकार होता असेंही नव्हे. देवळांसाठीं धार्मिक चित्रें काढणें हाच त्याचा मुख्य धंदा होता, व व्यक्तिचित्रेंही तो काढीत असे. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत त्याचें १५९० सालचें एक चित्र आहे, त्यांत पेन्यारान्दा गांवची ब्रीखिदा देल रीओ नामक दाढी असलेली स्त्री दाखविली आहे. वर तिचें नांव, गांव, वय वर्षें ५० व साल हीं लिहिलेलीं आहेत. अशा व्यक्तींचीं चित्रें त्या काळीं सरदारदरकदार कुतूहलानें संग्रहीं ठेवीत. हें चित्र पाहतांना एक गोष्ट ध्यानांत येते: चित्रकार त्या बाईस हंसत नाहीं व तिची कींवही करीत नाहीं, जें समोर आहे तें जसें आहे तसें मांडितो. कोबीच्या गड्ड्याकडे पाहण्याची त्याची जी दृष्टि, तीच येथेंही आहे.

(३)

अशा चित्रांस स्पॅनिश भाषेंत ‘बोदेगोन’ म्हणतात. हा शब्द ‘बोदेगा’ म्हणजे तळघर, कोठार ह्यापासून झाला. ‘बोदेगा’ हें लॅटिन ‘आपोथेका’ ह्याचें व तें ग्रीक ‘आपोथेके’ ह्याचें रूपांतर होय. ग्रीक ‘आपो’ म्हणजे आपला ‘अप’ उपसर्ग, व ‘थे’ हा धातु म्हणजे आपला ‘धा’ धातु, ज्यापासून निधान, निधि हे शब्द झाले. तेव्हां ज्या ठिकाणीं जिन्नस ठेवून देतात तें ठिकाण, हा मूळ अर्थ. पुढें ‘बोदेगोन’ म्हणजे ज्यांच्या घरीं रांधणारें कोणी नाहीं अशांस तयार अन्न मिळण्याची हलकी खाणावळ, असा अर्थ लोकांत रूढ झाला; आणि त्यानंतर अन्नाच्या जिनसांच्या चित्रास तेंच नांव पडलें. नांवावरूनच ह्या चित्रप्रकाराची प्रतिष्ठा तत्कालीन पंडितांत किती होती तें कळून येईल. देवादिकांचीं व राजांचीं चित्रें तीं थोर. खाणावळीचीं चित्रें तीं कनिष्ठ.

कोतानच्या हातचीं अशीं चित्रें आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत. सान दिएगो येथील चित्राचें वर्णन वर आलें. दुसरें प्रादो संग्रहालयांत असून त्यावर चित्रकाराची सही व १६०२ हें साल आहे. तें त्या संग्रहालयानें १९९१ सालीं विकत घेतलें. तिसरें शिकागो येथें, चौथें ग्रानादा येथें. चौकट सर्वांत एकच: खिडकी, पलीकडे काळोख, अलीकडे कठडा, आणि डावीकडून पडणारा प्रखर उजेड. कांहीं जिन्नस दोरीनें टांगलेले, कांहीं कठड्यावर ठेविलेले. जिन्नस टांगण्याचें कारण गूढ नाहीं. ज्यानें आपल्या घरीं शिंकें पाहिलें आहे त्यास तें सांगावयास नको. कीड-मुंगी व कुजणें यांपासून अन्न राखण्याची ही जुनी व सार्वत्रिक रीत आहे.

ह्यांपैकीं प्रादो येथील चित्र तपशीलवार पाहण्यासारखें आहे. उजवीकडे कठड्यावर ‘कार्दो’ नांवाच्या भाजीचा एक वांकडा दांडा चौकटीस टेकून ठेविला आहे. ही काटेरी झुडपाच्या जातीची भाजी असून दांडे कोंवळे व पांढरे राहावेत म्हणून तीं झुडपें बांधून उजेडापासून झांकून ठेवितात. हिवाळ्यांत स्पेनमधील लोक ती आवडीनें खातात. तिच्याजवळ गाजरें व मुळे. वर दोरीस लिंबें व सफरचंदें, आणि त्यांच्याच ओळींत तांबड्या पायांचे तितर व इतर लहान पक्षी, शिकार करून आणून टांगलेले. ह्या पक्ष्यांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

(४)

आतां यादीकडे वळूं. ऑगस्ट १६०३ (शके १५२५) मध्यें, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, कोतान यानें तोलेदो येथील आपली कार्यशाळा मिटविली, मृत्युपत्र केलें, व आपल्याजवळील वस्तूंची यादी करविली. त्या वेळीं स्पेनच्या गादीवर तिसरा फिलिप होता; पोर्तुगालचें राज्यही त्याच्याकडेच असल्यामुळें आपल्या गोव्याचाही अधिपति तोच होता. कोतानच्या मृत्युपत्राचें कारण मृत्यु नसून मठप्रवेश हें होतें. मठांत जाणारा मनुष्य कायद्याच्या व धर्माच्या दृष्टीनें जगास मेलेलाच. म्हणून देणें-घेणें व मालमत्ता यांचा निकाल आधीं लावावा लागे. आपल्याकडील संन्यासग्रहणापूर्वीं करावयाच्या व्यवस्थेशीं ह्याचें साम्य सहज ध्यानांत येईल.

ही यादी विसाव्या शतकांत प्रसिद्ध झाली, आणि तिच्यामुळें ह्या चित्रकाराच्या अभ्यासास पक्का पाया मिळाला. तिच्यांत सुमारें साठ चित्रें नमूद आहेत. भरणा धार्मिक चित्रांचा व व्यक्तिचित्रांचा आहे; फळें-भाज्यांचीं चित्रें डझनभराच्या आंतबाहेर आहेत. ज्यांच्याकडून चित्रकाराचें येणें राहिलें होतें अशा लोकांत एल् ग्रेको याचेंही नांव आहे. थोर चित्रकाराकडे आपलें येणें राहिलें आहे, ही गोष्ट संन्यासास निघालेल्या माणसानें विसरूं दिली नाहीं, हें आम्हांस मोठें मनोरम वाटतें. वैराग्य आणि हिशेब यांचा विरोध असतोच असें नाहीं.

आमच्या विषयास लागू पडणाऱ्या नोंदी तीन आहेत.

पहिली नोंद: बदक व इतर तीन पक्षी असलेलें फळांचें एक चित्र, हें दिएगो दे वाल्दिव्येसो याचें आहे, असें तींत म्हटलें आहे. शिकागो येथील चित्र तें हेंच, असें अभ्यासकांस वाटतें. त्या चित्रांत बदक आहे, दुसरेही पक्षी आहेत. आणि नवलाची गोष्ट ही कीं, सान दिएगोच्या चित्रांतील बिही, कोबी, खरबूज व काकडी हीं सर्व त्यांत त्याच क्रमानें व त्याच वळणानें पुन्हा आलीं आहेत.

दुसरी नोंद: कार्दो व तितर असलेलें एक चित्र, हें इतरांचें मूळ असून हुआन दे सालाथार याचें आहे. ‘इतरांचें मूळ’ हे शब्द हस्तलिखितें हाताळणाऱ्या आमच्या वाचकांच्या मनांत तत्काळ ठसतील. ज्याप्रमाणें एका मातृकेवरून अनेक प्रती उतरतात, त्याप्रमाणें एका मूळ चित्रावरून दुसरीं चित्रें तयार होत, आणि मूळ कोणतें व उतारे कोणते हें कार्यशाळेंत ठाऊक असे व लिहूनही ठेवीत. ह्या पोथीपरंपरेची एक शाखा आजही दाखवितां येते. फेलिपे रामिरेथ ह्या चित्रकाराचें १६२८ सालचें एक सहीचें चित्र प्रादो संग्रहालयांत आहे. त्यांतील कार्दो व टांगलेला पक्षी हे कोतानच्या चित्रावरून घेतलेले असून द्राक्षें व सोनेरी पात्रांतील फुलें हीं रामिरेथची भर आहे. कोतानच्या मृत्यूस तेव्हां एकच वर्ष झालें होतें.

तिसरी नोंद सर्वांत लहान: खिडकीसाठीं अस्तर लावून तयार केलेलें एक कापड. म्हणजे ती काळोखी खिडकी हें ह्या कार्यशाळेंतील नेहमींचें कोरें पान होतें. कापड ताणावयाचें, अस्तर द्यावयाचें, चौकट आंखावयाची, आणि मग गिऱ्हाइकास हवे असतील ते जिन्नस त्यांत मांडावयाचे. ती एका क्षणीं प्रकट झालेली एकाकी दृष्टि नव्हे. ती बसविलेली रीत होती, आणि तिला मागणी होती.

(५)

आतां पूर्वपक्षाचा विचार करूं. कारण तो दुर्बल नाहीं. ग्रानादा येथील विद्वान् एमिलिओ ओरोथ्को दीआथ यांनीं ह्या चित्रांचा आध्यात्मिक अर्थ आग्रहानें प्रतिपादन केला आहे. सृष्टींतील क्षुद्रांत क्षुद्र वस्तूंतही ईश्वराचें कर्तृत्व पाहावें, हा उपदेश त्या काळच्या स्पेनमध्यें घरोघर पोंचला होता. फ्राय लुईस दे ग्रानादा ह्या डोमिनिकन पंथाच्या धर्मोपदेशकाचा सृष्टिवर्णनपर ग्रंथ १५८३ सालीं प्रसिद्ध झाला व फार वाचला गेला. अशा वातावरणांत वाढलेल्या व पुढें मठांत गेलेल्या मनुष्यानें कोबीच्या गड्ड्यावर इतकें अवधान द्यावें, ह्यांत भक्ति पाहणें गैर नाहीं. इतकें आम्हीही मान्य करितों.

परंतु ह्यावरून चित्रें मठाचीं ठरत नाहींत. ह्यास तीन कारणें आहेत. पहिलें कालाचें. प्रादो येथील चित्रावर १६०२ हें साल चित्रकाराच्याच हातचें आहे, आणि यादी १६०३ ची आहे. यादींत जीं चित्रें आहेत तीं मठप्रवेशापूर्वीं काढलेलीं, हें सांगण्यास दुसरा पुरावा नको. दुसरें स्वामित्वाचें. वरील दोन नोंदींत चित्रांचे धनी दुसरे आहेत, व ते गृहस्थ आहेत. हीं चित्रें त्यांच्या घरच्या भिंतींसाठीं होतीं. तिसरें आहाराचें. कार्थूशियन पंथांत मांसाहार सर्वथा वर्ज्य आहे. दुखण्यांतही त्यास मुभा नाहीं. आणि प्रादो व शिकागो येथील चित्रांत तितर, बदक व लहान पक्षी यांची रांग टांगलेली आहे! हें मठाचें कोठार असूं शकत नाहीं. ज्याच्या घरीं शिकार येते अशा सुखवस्तु गृहस्थाचें हें कोठार आहे.

ज्यांनीं केवळ सान दिएगोचें चित्र पाहिलें त्यांचा समज होण्यास कारण हें कीं, त्यांत पक्षी नाहींत. आमचीही चूक तेथेंच झाली. एका प्रतीवरून ग्रंथाचा निर्णय करूं नये, हा नियम पोथ्यांच्या बाबतींत आम्ही विद्यार्थ्यांस जन्मभर सांगत आलों, आणि चित्रांच्या बाबतींत स्वतःच विसरलों.

(६)

मठांत गेल्यावर त्यानें काय केलें, हेंही पाहिलें पाहिजे. कार्थूशियन पंथ संत ब्रूनो यानें इ. स. १०८४ मध्यें फ्रान्समधील ग्रनोबल शहराजवळील डोंगरांत स्थापिला. प्रत्येक यतीस निराळी कुटी. तीमध्यें तो एकटाच राहतो, प्रार्थना करितो व जेवतो. रविवारीं व सणाच्या दिवशीं तेवढे सर्वजण भोजनशाळेंत एकत्र बसतात, व तेव्हांही बोलत नाहींत. याजक यतींशिवाय कांहीं बांधव शारीरिक श्रमाचीं कामें करण्यासाठीं असतात. त्यांस याजकत्व नसतें. आमचा चित्रकार हा ह्या दुसऱ्या वर्गांत दाखल झाला. १६०४ सालीं त्यानें ग्रानादा येथील मठांत व्रत घेतलें. १६१० ते १६१२ च्या सुमारास तो एल् पाउलार येथील मठांत होता. पुढें ग्रानादा येथें परत येऊन ८ सप्टेंबर १६२७ रोजीं तेथेंच वारला.

ह्या तेवीस वर्षांत तो पुष्कळ चित्रें काढीत होता, परंतु तीं निराळीं. ब्रूनोचें चरित्र व पंथाची स्थापना. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यास धर्माधिपति मानण्याचें नाकारल्यामुळें १५३५ सालीं देहान्त शिक्षा झालेले कार्थूशियन मठाधिपति. येशूच्या चरित्रांतील प्रसंग. भोजनशाळेच्या भिंतीसाठीं येशूच्या शेवटच्या भोजनाचें मोठें चित्र, व त्याच्या वर लांकडाचा भास व्हावा असा रंगविलेला क्रूस. ह्या चित्रांविषयीं आधुनिक परीक्षकांचें मत असें कीं, तीं निष्ठेनें काढलेलीं असलीं तरी जुन्या वळणाचीं आहेत; तोलेदो व एस्कोरियाल येथील मागच्या पिढीच्या इटालियन चित्रकारांची छाया त्यांवर स्पष्ट आहे. तीं एकोणिसाव्या शतकापर्यंत मठांतच राहिलीं. १८३५-३६ सालीं स्पेन सरकारनें मठांच्या मालमत्ता ताब्यांत घेतल्या, तेव्हां त्यांतील कांहीं ग्रानादाच्या संग्रहालयांत गेलीं, कांहीं अद्याप मठाच्या इमारतींत आहेत.

मठवासी चित्रकाराविषयीं दोन कथा पालोमिनो ह्या अठराव्या शतकांतील चरित्रकारामुळें प्रसृत झाल्या. त्याचा ग्रंथ १७२४ चा, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं झालेला. एक कथा अशी कीं, भोजनशाळेंतील क्रूस इतका हुबेहूब आहे कीं, पांखरें त्यावर बसूं पाहतात. ही कथा ऐकतांच जाणत्यास झ्यूक्सिस ह्या ग्रीक चित्रकाराचीं द्राक्षें आठवावीं. त्या द्राक्षांस पांखरें टोचूं लागलीं, असें प्लिनीनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें आहे. चांगल्या चित्रकारामागें ही कथा देशोदेशीं फिरत आली आहे; ती प्रशंसेचा अलंकार म्हणून घ्यावी, पुरावा म्हणून घेऊं नये.

दुसरी कथा अधिक गोड आहे. माद्रिदचा राजचित्रकार विथेन्ते कार्दूचो हा कोतानचीं चित्रें पाहण्यास ग्रानादा येथें गेला, आणि मठांतील सर्व बांधवांतून, कोणीं न सांगतां, केवळ मुद्रेवरून त्यानें चित्रकारास ओळखिलें. कारण चित्रांतील शांति व सौम्यता त्या मुद्रेवर होती. कार्दूचो यानें एल् पाउलार मठासाठीं कार्थूशियन पंथाच्या इतिहासावर ५६ चित्रांची मालिका करण्याचा करार १६२६ सालीं केला होता, हें खरें आहे. तेव्हां त्यानें ग्रानादा येथील चित्रें जाऊन पाहिलीं असणें असंभवनीय नाहीं. परंतु मुद्रेवरून ओळखण्याचा प्रसंग हा चरित्रकाराचा आहे, कागदाचा नाहीं. चित्र आणि चित्रकार एकच, ह्या समजुतीचा उगम आम्हांस ह्याच कथेंत दिसतो. चित्रांवरून मुद्रा ओळखली अशी कथा झाली. पुढें मठावरून चित्रें ओळखण्याची रीत पडली.

कोतानच्या मृत्यूचा शक १५४९. हा शक आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बखरींच्या आधारें शिवजन्म ह्याच शकांत मानीत असत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीनें तो शके १५५१ मध्यें नेला. बखर लिहिणारा खोटा होता असें कोणी म्हणत नाहीं. परंतु जवळचा कागद हातीं आल्यावर दूरच्या कथेनें बाजूस व्हावें लागतें. पालोमिनो व यादी यांचा संबंध असाच आहे.

(७)

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ग्रानादा येथील संग्रहालयांत कोतानचें कार्दोचें जें चित्र आहे, तें तेथील मठांतूनच आलेलें आहे. तेंही खिडकीचेंच आहे. त्यांत पक्षी नाहींत, लिंबें नाहींत, दोरीस कांहींच टांगलेलें नाहीं. कठड्यावर एका बाजूस कार्दोचा एक दांडा, दुसऱ्या बाजूस थोडीं गाजरें. मध्यें व वर सगळा काळोख. कित्येक अभ्यासक हें चित्र मठप्रवेशानंतरचें मानितात, कित्येक त्याच सुमाराचें पण आधींचें मानितात.

हें चित्र मठांत काढलेलें असो किंवा बरोबर नेलेलें असो, आमच्या निर्णयास त्यानें बाध येत नाहीं. उलट तो अधिक स्पष्ट होतो. यादींत अशीं डझनभर चित्रें आहेत, मठाच्या नांवावर हें एक. जो मनुष्य ह्या प्रकारांत आपल्या गांवीं सर्वांच्या पुढें होता, ज्याच्या कार्यशाळेंत ‘इतरांचें मूळ’ ठरावें असें चित्र होतें, ज्याच्याकडे खिडकीसाठीं कापड तयार करून ठेविलेलें होतें, त्यानें पुढील तेवीस वर्षें हा प्रकार जवळजवळ सोडून दिला. कुंचला सोडला नाहीं. ज्यांत आपला हात सर्वांत चांगला चालतो तें काम सोडलें, आणि मठास जें हवें तें, आपल्या हातून मध्यम उतरणारें काम, आज्ञेप्रमाणें करीत राहिला.

हें त्यानें मनापासून केलें कीं आज्ञेनें केलें, ह्याविषयीं त्याचा स्वतःचा एकही शब्द ह्या साधनांत नाहीं. म्हणून त्यावर आम्ही भाष्य करीत नाहीं. परंतु त्यागाची खूण कोठें शोधावयाची, ह्याचें उत्तर आतां देतां येतें. कोबी व काकडी यांच्या चित्रांत ती शोधूं नये. तीं चित्रें एका गृहस्थाश्रमी कारागिराच्या पूर्ण अवधानाचें, पूर्ण कौशल्याचें व चालत्या धंद्याचें फळ आहेत, आणि तेवढ्यानें त्यांची थोरवी कमी होत नाहीं. त्यागाची खूण त्या यादींत आहे, जींत हीं चित्रें दुसऱ्यांच्या नांवावर, एकामागून एक, हिशेबानें उतरवून दिलेलीं आहेत. आमच्या व्याख्यानांत आम्हीं ह्याच्या नेमकें उलट सांगितलें होतें. तें विधान आम्ही येथें मागें घेतों.

(८)

असो. दूरदेशींच्या एका चित्रकाराविषयीं ह्या पृष्ठांत इतका विस्तार केला त्याचें एक प्रयोजन आमच्या वाचकांपुरतेंही आहे. सनदा, महजर, निवाडे व पत्रें यांस आपण अस्सल साधनें म्हणून जपतों. परंतु जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वांटणीच्या वेळीं किंवा कर्ता पुरुष वारल्यावर केलेल्या चीजवस्तूंच्या ज्या यादी सांपडतात, त्या ‘भांडीकुंडीं’ म्हणून पुष्कळदां बाजूस सारल्या जातात. त्यांत पोथ्यांचीं नांवें असतात, तसबिरी असतात, कोणतें कोणाचें व कोणाकडून काय येणें हें असतें. तोलेदोच्या एका कार्यशाळेंतील अशाच यादीनें, बदक व तीन पक्षी एवढ्या शब्दांनीं, आज शिकागो येथें टांगलेल्या चित्राचा धनी सांगितला, आणि एक गोड प्रवाद त्याच्या जागीं नेऊन बसविला. आपल्या संग्रहांतील अशा यादी वाचकांनीं निदान एकवार उलगडून पाहाव्यात, व त्यांची नक्कल करून ठेवावी, अशी आमची विनंति आहे.